‘हॉट बॅमी’वरचा पियानो

लेबर्ट स्वाबीच्या कानांबद्दल किंग्स्टनमधल्या आमच्या रोलिंग्टन टाउनमध्ये जे काही सांगितलं जातं, त्यातलं निम्मं थाप आहे. तीन गल्ल्या सोडून सुई पडली तर ती कुठल्या बाईच्या हातून पडली ते तो सांगतो म्हणे! डोंबल. त्याची बायको मर्लीन तिसरी हाक मारेपर्यंत त्याला कधी ऐकू आलं नाही आणि हे गाऱ्हाणं ती बिचारी मरेपर्यंत करत होती. पण समोर पियानो असला की मात्र गोष्ट वेगळी. तिथे थापा मारायची गरज नाही.

पन्नास वर्षं त्याने किंग्स्टनचे पियानो सुरात लावले. शाळांचे, चर्चचे, हॉटेलांचे आणि ऑरेंज स्ट्रीटच्या आसपासच्या सगळ्या स्टुडिओंचे. सायकलच्या दांडीला चामड्याची पिशवी, तिच्यात तारा पिळायची किल्ली आणि सूर तपासायचा काटा. स्टुडिओतल्या पियानोंचे हाल तर कुत्रं खात नव्हतं. वर रमचे ग्लास, पट्ट्यांवर सिगारेटचे चटके, आत झुरळं. ग्लॅडस्टनच्या स्टुडिओतल्या पियानोत एकदा कोंबडीने अंडं घातलं होतं. लेबर्ट शिव्या घालत झाकण उघडायचा आणि शिव्या घालतच लावायचा. पण पियानो उघडला की त्यावर कोण बसून गेलंय हे त्याला कळायचं. कुणी खालच्या तारा ठोकून सैल करायचा, कुणी वरच्या पट्ट्यांना हातच लावायचा नाही. त्याला माणसांची तोंडं आठवत नसत, हात आठवत.

तर अशा माणसाच्या फाटकाशी दोन महिन्यांपूर्वी कार्मेटा ड्वायर येऊन उभी राहिली. ही मोठ्या लायब्ररीत जुन्या रेकॉर्डी सांभाळते. लंडनची एक कंपनी आमच्या जमैकाची तीस जुनी रेगे गाणी नव्याने काढत होती, आणि या खेपेला पाकिटावर वाजवणाऱ्यांची नावं छापायची असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. ती शोधून द्यायची कार्मेटाने. आता आणायची कुठून? त्या काळच्या तबकडीवर गाणाऱ्याचं नाव, त्याच्याहून मोठ्या अक्षरात मालकाचं नाव, आणि वाजवणारे म्हणजे ‘ऑल स्टार्स’. ऑल स्टार्स कोण, तर त्या दिवशी सकाळी स्टुडिओच्या अंगणात जे उभे होते ते! त्यात आमचे साउंडवाले, रस्त्यात भिंतीएवढे स्पीकर रचून नाच भरवणारे. नवी तबकडी हातात पडली की ते तिच्यावरचं लेबलच नखाने खरवडून टाकायचे, पलीकडच्या साउंडवाल्याला गाणं कुठलं ते कळू नये म्हणून. जिवंत म्हाताऱ्यांना विचारावं, तर जो तो छातीवर हात ठेवून म्हणतो, बेस मीच वाजवला. एका गाण्याला कार्मेटाला सात बेसवाले मिळाले होते.

लेबर्टचं तसं नव्हतं. व्हरांड्यात बसून तो हेडफोन कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा.

“हा बेस स्टॅफर्डचा. अंगठा मोडला होता त्याचा, म्हणून तिसरा ठोका जरा उशिरा येतो. ट्रंपेट विल्बर्ट. मोटारसायकलवरून पडल्यानंतरचा आहे हा, पुढचे दात गेलेत. वारा गळतोय, ऐक.”

“नक्की ना, मास लेबर्ट?” वडीलधाऱ्यांना लावायचा आमचा ‘मास’ लावून कार्मेटा विचारायची.

“पोरी, मला माहीत नसलं की मी माहीत नाही म्हणतो. हाताच्या बाबतीत एकदा खोटं बोललो तर पुढे माझं कोण ऐकेल?”

कार्मेटा आधी पेन्सिलने लिहायची आणि लेबर्टने मान हलवली की पेनाने गिरवायची. एका गुरुवारी ती शेवटचं गाणं घेऊन आली. ते तिने मुद्दाम मागे ठेवलं होतं, कारण त्यात शोधायचं काही नव्हतंच. गाणं ‘हॉट बॅमी’.

एकोणीसशे एकोणसत्तरचं हे गाणं. शब्द एकही नाही. पियानो एक ओळ बोलतो, थांबतो, आणि मग पुढची ओळ बोलतो. ते थांबणं इतकं गोड की पुढच्या पोरांनी त्याच्या नकला करून करून चोथा केला. कसावाच्या गरम भाकरीचं नाव त्या गाण्याला का दिलं, हे कुणी विचारलं नाही. वाजवणारे तेव्हा कायम भुकेलेच असत. आणि त्यावर पियानो कोणाचा, तेही कुणाला विचारावं लागत नव्हतं. हॉपटन बोगलचा. लेबर्टचा चाळीस-पन्नास वर्षांपासूनचा दोस्त, मागच्या गल्लीत राहतो. तरुणपणी स्टुडिओंत मिळेल त्या गाण्यावर पियानो वाजवायचा, कुठल्या कुठल्या ते त्यालाही आठवत नाही. लग्न असो, मयत असो, हॉपटन आला की कोणीतरी म्हणणारच, “हा बघा ‘हॉट बॅमी’वाला!” पण आजवर एकाही तबकडीवर त्याचं नाव छापलेलं नव्हतं. चौऱ्याहत्तर वर्षांचा झाला, पाय सुजतात. लंडनच्या पाकिटाची बातमी लागल्यापासून त्याने तपकिरी सूट कमरेत सैल करून घेतला होता आणि भेटेल त्याला सांगत होता, “जायच्या आधी एकदा छापील बघायचंय, बस.”

“यावर नुसती मान हलवा,” कार्मेटा म्हणाली. “सोमवारी यादी जायचीय.”

लेबर्टने हेडफोन लावला. आता लक्षात घ्या, हे गाणं त्याने हजारदा ऐकलेलं. पण कुठे, तर मिनीबसमध्ये आणि नाक्यावरच्या स्पीकरवर, जिथे बेसच्या दणक्यात पियानोचा नुसता चुरा ऐकू येतो. कार्मेटाकडे मूळ टेपची नक्कल होती. पियानो पहिल्यांदाच असा उघडा त्याच्या कानात आला.

पहिली ओळ झाली. थांबला. त्या थांबण्यात डावा हात खाली हळूच एक वळसा घेत होता, रांगेत उभं असताना आपण पायावरचा भार बदलतो तसा. मग दुसरी ओळ. परत तोच वळसा.

लेबर्टने हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

“गिरवू का पेनाने?” कार्मेटाने विचारलं.

“सोमवारी ये.”

“मास लेबर्ट, हे तर हॉपटनचंच…”

“सोमवारी ये म्हटलं ना!” तो असा खेकसला की बिचारी वही आवळून निघून गेली.

त्याचं असं होतं. आमच्या कोपऱ्यावरच्या चर्चमध्ये भजनाची ओळ आधी पास्टर म्हणून दाखवतो, मग सगळे गातात; जुन्या काळी निम्म्यांना वाचता येत नव्हतं तेव्हापासूनची रीत. पास्टर ओळ सांगत असतो तेवढा वेळ पियानो नुसता धरून ठेवायचा असतो, डाव्या हाताने, वळसा घेत. हे रस्त्यावरच्या वाजवणाऱ्याला सुचणारच नाही, त्याचं काय अडलंय थांबायला? आणि हॉपटन! हॉपटन उभ्या जन्मात कशासाठी थांबला नाही, बससाठीसुद्धा नाही. ‘हॉट बॅमी’वरचा पियानो पास्टरची वाट बघत होता. आणि तो खालचा वळसा लेबर्ट दर महिन्याला ऐकत होता, कारण कोपऱ्यावरच्या चर्चचा पियानो तोच लावतो, आणि लावून झाला की तिथली वाजवणारी त्याच्यासमोरच वाजवून बघते. तो हात आयसिल्डाचा होता. सिस्टर आयसिल्डा मॅककबिन, जिला आता सगळे मदर म्हणतात, जी चर्चच्या पुढच्या बाकावर बसते आणि मुलांनी शिट्टी वाजवली तरी कान उपटते.

शुक्रवारभर लेबर्ट पिशवी उघडून किल्ली पुसत बसला. खरं सांगावं तर दोस्ताच्या तोंडचा घास जातो. खोटं सांगावं तर आयुष्यभर जपलेली एक गोष्ट जाते. त्याला स्वतःच्या कानांचा राग आला, अगदी मनापासून आला.

शनिवारी सकाळी तो हॉपटनच्या अंगणात गेला. अकीच्या झाडाखाली डॉमिनोचा डाव आटपेपर्यंत गप्प बसला आणि बाकीचे उठून गेल्यावर म्हणाला, “हॉपटन, ‘हॉट बॅमी’वर पियानो कोणी वाजवला?”

“सकाळी सकाळी चढवलीस की काय?”

“विचारतोय ते सांग.”

“अख्ख्या जमैकाला ठाऊक आहे.”

“जमैका गेली खड्ड्यात. मी परवा पहिल्यांदा नीट ऐकलं. तो हात थांबतो, लेका. तू कधी थांबलायस?”

हॉपटनने डॉमिनोचा एक तुकडा आपटला. “तुझ्या पोटात का दुखतंय रे? नावं छापणार सगळ्यांची, आणि पियानो लावणाऱ्याचं कुठेच नाही, म्हणून?”

हे लेबर्टला बसलं, कारण त्यात थोडं खरं होतं. “दुखतंय,” तो म्हणाला. “पण ते दुखणं वेगळं. हा हात आयसिल्डाचा आहे.”

“हळू बोल, गाढवा!” हॉपटनने कुंपणाकडे बघितलं. मग बराच वेळ तो डॉमिनोचे तुकडे डबीत भरत बसला, एकेक करून. सगळे भरून झाल्यावर बोलू लागला.

त्या दिवशी सकाळपासून ग्लॅडस्टनकडे हॉपटनची दमछाक चालली होती. चाल सोपी होती, पण तो प्रत्येक ओळीला पुढे पळायचा आणि मालक डोकं धरून बसायचा. दुपारी सगळे जेवायला बसले. जेवण आणायची आयसिल्डा; बावीस वर्षांची होती, आईबाप नाहीत, मावशीच्या खाणावळीतून तळलेली मासळी आणि गरम बॅमी डोक्यावरून घेऊन यायची. तिने घमेलं खाली ठेवलं, हात पुसले, पियानोपाशी कोणी नाही बघून उभ्या उभ्याच ती चाल वाजवून बघितली. तिच्या पद्धतीने, चर्चच्या. चावणाऱ्यांची तोंडं थांबली. ड्रमवाला तोंडात घास घेऊन ड्रमवर जाऊन बसला, बेसवाला उठला, कोणीतरी मशीन चालू केलं. एकदाच. तीन मिनिटं.

“आणि मग तिने फिरणारी टेप बघितली,” हॉपटन म्हणाला. “अशी रडली, लेबर्ट! जुना पास्टर कसा होता तुला ठाऊक आहे. नाचगाण्याच्या रेकॉर्डवर वाजवलं म्हणजे वर्षभर मागच्या बाकावर बसायचं आणि पियानोला हात लावायचा नाही. तिला दुसरं होतं काय त्या पियानोशिवाय? ग्लॅडस्टन तर टेप पुसायला तयार नाही. म्हणून मी म्हणालो, मी वाजवलंय. संपलं. खोलीतल्या सगळ्यांनी शपथ घेतली. ते सगळे मेले आता.”

“नाव ‘हॉट बॅमी’…”

“ग्लॅडस्टनने ठेवलं. त्याला वाटलं, तेवढं तरी तिचं असू दे.”

“आणि मिरवायला तू.”

“मिरवायला?” हॉपटन उसळून उभा राहिला, पाय विसरून. “शेहेचाळीस वर्षं लोक मला म्हणतात, तसं वाजव! मला येत नाही तसं! लग्नात सांगतो बोटं दुखतात, मयताला सांगतो बोटं दुखतात. तुला काय वाटलं, मला संधिवात आहे? ठणठणीत बोटं घेऊन घरी बसलोय मी!”

लेबर्टला हसू आवरेना. हॉपटन पाय चोळत परत खाली बसला.

“सोमवारी काय सांगू?” लेबर्टने विचारलं.

“माझं नाव सांग. दिलेला शब्द आहे.” मग हॉपटन खाली बघून म्हणाला, “आणि खरं विचारशील तर मला ते छापलेलं बघायचंही आहे. शब्दही आहे आणि हावही आहे.”

दुपारी लेबर्ट पिशवी घेऊन चर्चमध्ये गेला. आयसिल्डा रविवारच्या भजनांचे आकडे फळ्यावर लावत होती.

“आज काय काढलंस? तुझा दिवस नाही हा.”

लेबर्ट थेट पियानोपाशी गेला. झाकण उघडलं आणि एका बोटाने ‘हॉट बॅमी’ची पहिली ओळ वाजवली. त्याला वाजवता कुठे येतं, तो नुसता लावणारा. चाचपडतच वाजवली.

“काळी पट्टी,” आयसिल्डा पाठमोरीच म्हणाली. “पांढरी नाही. शेवटची काळी आहे.”

आणि हातातला आकडा तसाच राहिला. चर्चमध्ये दुसरं कोणी नव्हतं.

“हॉपटनने सांगितलं?”

“तुझ्या हाताने सांगितलं. दर ओळीला तू पास्टरसाठी थांबलीस. ग्लॅडस्टनकडे कुठला आलाय पास्टर!”

आयसिल्डा येऊन बाकावर बसली. “मी थांबले होते?” तिने विचारलं. “मी ते शेवटपर्यंत कधी ऐकलंच नाही, लेबर्ट. बसमध्ये लागलं की उतरून जायचे. खिडकीतून आलं की खिडकी लावायचे. थांबले होते का मी?” आणि तोंडावर हात धरून ती मुलीसारखी हसायला लागली.

लेबर्टने सगळं सांगितलं. सोमवार, यादी, हॉपटनचा सूट. “तो म्हणतो, त्याचं नाव घाल. मी कात्रीत सापडलोय, आयसिल्डा. मला खोटं सांगता येत नाही आणि तुला उघड्यावर आणायचं नाही.”

“जुना पास्टर जाऊन वीस वर्षं झाली,” ती म्हणाली. “त्याची भीती कधीच गेली. लाज वाटते ती हॉपटनची. तो माझ्यासाठी खोटं बोलत राहिला आणि मी दर रविवारी पुढच्या बाकावर.” मग ती उठून उरलेले आकडे लावू लागली. “त्याला उद्या घेऊन ये.”

रविवारी लेबर्टने हॉपटनला तपकिरी सुटात ओढत आणलं. “कोणाचं मयत?” हॉपटन कुरकुरत होता. आमच्याकडे भजनांनंतर साक्षीची वेळ असते, ज्याला जे सांगायचं ते उभं राहून सांगावं. कुणाला देवाने ताप बरा केलेला असतो, कुणाच्या मुलाला अमेरिकेत काम मिळालेलं असतं. आयसिल्डा उठली आणि आठवड्याचा बाजार सांगावा तसं सांगून टाकलं. एकोणसत्तरच्या मार्चमध्ये ‘हॉट बॅमी’वर मी वाजवलं. ब्रदर हॉपटन बोगलने ते स्वतःवर घेतलं, माझा पियानो जाऊ नये म्हणून. देव त्याचं भलं करो आणि मला क्षमा करो. मग ती खाली बसली. गायकांतल्या एका पोरीने टाळी वाजवली आणि घाबरून हात मागे घेतले. तरुण पास्टरने दोनदा घसा साफ केला आणि पुढच्या भजनाचा आकडा सांगितला. नंतर दारात काही जणांनी आयसिल्डाला मिठी मारली. चर्चमधल्या दोघी म्हाताऱ्या मात्र तिच्याकडे न बघता निघून गेल्या. अजून बोलत नाहीत.

आमची गल्ली मेली हरामखोर. रात्र पडायच्या आत सगळीकडे झालं. डॉमिनोवाले हॉपटनला म्हणाले, “मग तू काय वाजवलंस रे? बॅमीचं घमेलं?” हॉपटनही त्यांच्याबरोबर हसला. पण दुसऱ्या दिवशी खेळायला गेला नाही. लेबर्ट बघायला गेला तर सूट खिळ्याला टांगलेला आणि हा खाटेवर.

“मी बरोबरच केलं,” हॉपटन म्हणाला. “तिनेही केलं. पण सकाळी उठलो आणि कळेना, आता मी कोण? लोक मला काय म्हणून हाक मारतील?”

लेबर्टने खिळ्यावरचा सूट झटकला आणि परत टांगला. तो घरी आला तेव्हा कार्मेटा व्हरांड्यात वाट बघत होती. तिने आयसिल्डा मॅककबिन हे नाव पेनाने लिहिलं, दोनदा तपासलं आणि म्हणाली, “झालं. चार गाण्यांचा पियानो तेवढा ‘माहीत नाही’. ते तसंच पाठवते.”

“कुठली चार?”

तिने सांगितली. लेबर्टने ती मागच्याच महिन्यात ऐकली होती आणि कुणा घाईखोराचा हात म्हणून सोडून दिली होती. त्याने एकदम कपाळावर हात मारून घेतला. “अरे देवा! अरे मूर्खा!”

“काय झालं, मास लेबर्ट?”

“इतकी वर्षं हॉपटनचा हात म्हटला की माझ्या कानात ‘हॉट बॅमी’ वाजायचं. म्हणजे आयसिल्डाचा हात! त्या मापाने मी त्याला चार ठिकाणी नापास केलं. ते मशीन इथेच ठेव. आणि तोंडातून अवाक्षर काढू नकोस.”

हॉपटनला खाटेवरून उठवून आणायला पाऊण तास लागला. आल्या आल्या तो पाय धरून खुर्चीत बसला आणि लेबर्टने काही न सांगता त्याच्या कानाला हेडफोन लावला. पहिलंच गाणं. पियानो असा सुटला होता की मागच्या ड्रमला धावत यावं लागत होतं. हॉपटन आधी नुसता बसला. मग सुजलेला पाय फरशीवर आपटू लागला. मग दोन्ही हात मांडीवर आले आणि बोटं हलायला लागली, एकही दुखत नव्हतं.

“कोण रे हा?” हेडफोनमुळे तो ओरडूनच बोलत होता. “घाई आहे जरा. पण चांगला आहे. चांगला आहे हं! कोण म्हणायचा हा? आहे का जिवंत?”

कार्मेटाने पेन उघडून लेबर्टकडे बघितलं. लेबर्टने मान हलवली.